अज्जी नेमकी कुठल्या सालची?

आमच्या घरात सात माणसं आहेत आणि त्यातल्या चौघांचा वाढदिवस १ जूनला असतो. काका, काकू, बाबा आणि आई. हे सांगितलं की हॉस्टेलवरच्या पुण्या-मुंबईच्या मुली डोळे मोठे करून म्हणतात, "अय्या, काय योगायोग!" योगायोग कसला आलाय? पूर्वी शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला हाताला धरून शाळेत नेलं की गुरुजी त्याच्याकडे एकदा वरून खाली बघायचे, वय पुरं होईल असा हिशोब मागे मोजायचे आणि दाखल्यावर १ जून टाकून द्यायचे. महाराष्ट्रातल्या खेडोपाडी त्या पिढीतल्या कितीतरी लोकांना गुरुजींनी अशी एकच जन्मतारीख वाटली. तुमच्या घरीही एखादा १ जून नक्की असेल, बघा.

राहिले तिघे. दादा (म्हणजे काकांचा मुलगा) आणि मी, आमच्याकडे रीतसर जन्मदाखले आहेत. आणि सातवी अज्जी. ती शाळेत गेलीच नाही, त्यामुळे तिला १ जूनसुद्धा मिळाला नाही. तिच्या कार्डावर नुसतं साल आहे, १९५३. तेही कुणीतरी विचारल्यावर तिनेच अंदाजाने सांगितलेलं.

आमचं गाव मैंदर्गी. जिल्हा सोलापूर, तालुका अक्कलकोट. दुधनीच्या पुढे गेलं की कर्नाटक लागतं. घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मी शिकले सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे तिसरी इंग्रजीची फोडणी. म्हणून माझ्या मराठीला कुणी हसू नये ही नम्र विनंती!

तर झालं असं. मागच्या सेममध्ये डिपार्टमेंटच्या पोस्टर स्पर्धेसाठी मी विषय घेतला, 'माझ्या घरच्यांच्या जन्मसालातले शोध'. सोपा वाटला. घरच्यांची सालं घ्यायची, त्या साली जगात काय शोध लागला ते शोधायचं, चित्रं चिकटवायची, झालं पोस्टर. पण पहिल्याच फोनवर घोडं अडलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "दाखल्यावर १ जून १९७२ आहे, पण खरं म्हणजे मी दुष्काळातला." काकू म्हणाली, "दादा भूकंपातला." आणि अज्जी? "मी रझाकारातली की गं!"

म्हणजे मी सालं विचारत होते आणि घरचे मला संकटं सांगत होते.

सुरुवात अज्जीपासून करते. तिचं माहेर अफजलपूर तालुक्यात, म्हणजे आताचा कलबुर्गी जिल्हा. आमच्या गावापासून काही फार लांब नाही, पण १९४८ साली तो वेगळाच देश होता म्हणा ना! अक्कलकोट हे भोसल्यांचं संस्थान. ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. पलीकडे मात्र निजामाचं राज्य आणि निजाम भारतात यायला तयार नव्हता. कासीम रझवीच्या रझाकारांची दहशत वाढली तशी तिकडची माणसं सीमा ओलांडून इकडे येऊ लागली. सोलापूर, बार्शी भागात मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरलं. मुख्य तुकडी आमच्या सोलापूरहूनच निघाली आणि पहिल्याच दिवशी तिने नळदुर्ग घेतला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या दिवसांत त्या भागातल्या मुसलमान कुटुंबांवरही फार वाईट वेळ आली. दिल्लीहून त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं दोन ओळींत संपतं. अज्जीच्या आईने ते जन्मभर पुरवून पुरवून सांगितलं आणि अज्जीने ते मला दिलं.

आता ही झाली गोष्ट. मला हवी होती तारीख. म्हटलं, आपण इंजिनिअर आहोत (होऊ घातलेल्या का होईना), नेमकं उत्तर मिळत नसेल तर खालची आणि वरची मर्यादा काढू.

पहिला धागा: अज्जीची आई तिला झोळीत घालून सीमेपार आली ती पेरणी न करताच. म्हणजे १९४८ चा जून-जुलै. तेव्हा अज्जी आधाराशिवाय नुकती बसू लागली होती. म्हणजे साधारण सहा महिन्यांची. उत्तर आलं १९४७ चा शेवट किंवा १९४८ ची सुरुवात.

दुसरा धागा: भोगीच्या दिवशी अज्जी पोटातच होती. तिच्या आईला त्या दिवशी तिळाची भाकरी कुणी दिली, कुणी दिली नाही, हे सगळं खानदानात अजून जिवंत आहे. म्हणजे जन्म १३ जानेवारीनंतरचा.

तिसरा धागा सगळ्यात पक्का. अज्जीचे वडील बारशाचं सामान आणायला दुधनीच्या बाजारात गेले, तर बाजार बंद. "गांधीबाबाला मारलं म्हणून." ते हात हलवत परत आले आणि अज्जीचं बारसं राहिलं ते राहिलंच. गांधीजी गेले ३० जानेवारी १९४८ ला. बारसं बाराव्या दिवशी धरलं तर जन्म २० जानेवारीच्या आधीचा नाही आणि १ फेब्रुवारीच्या पुढचा नाही.

म्हणजे २६ जानेवारी १९४८, प्लस-मायनस सहा दिवस! प्रॅक्टिकलमध्येसुद्धा माझं रीडिंग इतकं चांगलं कधी येत नाही.

घरी फोन करून मी हे जाहीर केलं तर आधी सगळे हसले. मग बाबा गप्प झाले. ते म्हणाले, "म्हणजे आई पाच वर्षांनी मोठी आहे." ही पाच वर्षं म्हणजे नुसता आकडा नाही हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. अज्जीच्या मैत्रिणी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला फुकट जातात आणि अज्जी कंडक्टरला पैसे देते. (२०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून निदान अर्धेच.) तिचा धाकटा भाऊ शाळेत गेला होता. त्याच्या दाखल्यावर १९५१ आहे. म्हणजे कागदावर धाकटा भाऊ मोठा आणि थोरली बहीण धाकटी! तिला त्या पैशांचं काही नाही. पण ती मला म्हणाली, "तू एवढं गणित केलंस ते चांगलं झालं. पण त्यांच्या कागदात मग ती पाच वर्षं मी जगलेच नाही का गं?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच टेक्स्टबुकात नाही.

असो. पोस्टरकडे वळते. १९४८ साठी मला शोध शोधावाच लागला नाही, कारण मी ईअँडटीसीची. बेल लॅबमध्ये बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांनी ट्रान्झिस्टर बनवला तो डिसेंबर १९४७ मध्ये, अज्जी पोटात असताना, आणि जगाला तो दाखवला ३० जून १९४८ ला. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टरला मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा एका यंत्रावर चालला. आणि त्याच साली क्लॉड शॅननचा तो निबंध आला, ज्याच्या जोरावर आपला कम्युनिकेशनचा अख्खा सिलॅबस उभा आहे (आणि ज्याच्यामुळे आपल्यातल्या काही जणांच्या केट्याही उभ्या आहेत). तिकडे माणसं माहिती 'बिट'मध्ये मोजायला शिकत होती, त्या जून-जुलैत इकडे अज्जीची आई झोळी पाठीला बांधून सीमा ओलांडत होती.

मग मी अज्जीला विचारलं, "अज्जी, आपल्या घरी ट्रान्झिस्टर कधी आला?" ती लगेच म्हणाली, "तुझ्या बाबाला दोन वर्षं झालती तेव्हा. भुईमूग चांगला झाला त्या साली." म्हणजे १९७४. जुन्या माणसांसाठी ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओच. आजोबा त्याच्यावर सांगली आणि गुलबर्गा ही दोन स्टेशनं आलटून पालटून लावायचे. दोन्ही भाषांना न्याय!

१९४८ ते १९७४. सव्वीस वर्षं.

इथे माझ्या पोस्टरचा विषयच बदलला. शोध कधी लागला हे कुठेही मिळतं. तो मैंदर्गीत आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला, हे फक्त आमच्या घरच्यांना माहीत आहे. मी तक्त्यात तो एक कॉलम वाढवला.

बाबा १९७२ चे. त्या साली एचपी-३५ आला, खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर. किंमत ३९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीन हजार रुपयांच्या घरात. त्याने जगभरच्या इंजिनिअरांच्या हातातली स्लाइड रूल काढून घेतली. भारतात त्याच वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड आला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर नावाच्या आपल्याच मराठी माणसाने बसवला आणि ते संस्कृतचे पंडित होते हे वाचून मला फार गंमत वाटली. आमचं सासर-माहेर या पिनकोडवर बरोबर कळतं. अज्जीचं सासर ४१३ ने सुरू होतं, माहेर ५८५ ने. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं.

आणि मैंदर्गीत काय सुरू होतं? खडी फोडणं. लागोपाठ पाऊस गेला होता, विहिरी कोरड्या, ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात ज्वारी नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. अज्जी पाच महिन्यांची गरोदर असताना खडी फोडायला जायची. खायला अमेरिकेहून आलेली लाल मिलो, तिची भाकरी थापली तरी तुटायची. पोरांना सुकडी. दिवाळीच्या आधी बाबा झाले. गुरुजींनी पुढे १ जून टाकल्यामुळे ते कागदावर पाच महिने आधीच जन्मले. आईची पाच वर्षं गेली, मुलाला पाच महिने जास्तीचे मिळाले. हिशोब काही जुळत नाही!

बाबांच्या हातात पहिला कॅल्क्युलेटर आला १९९२ मध्ये, सोसायटीत नोकरी लागल्यावर. वीस वर्षं.

आई १९७५ ची. आणीबाणीतली. तिचं माहेरही गुलबर्गा जिल्ह्यातलंच. त्याच वर्षी १९ एप्रिलला आपला पहिला उपग्रह आर्यभट्ट आकाशात गेला. पण मला त्याहून भारी वाटलं ते 'साइट'. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी वापरायला घेऊन इस्रोने १ ऑगस्ट १९७५ पासून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही दाखवला. कोंबड्यांच्या जाळीसारख्या जाळीची छत्री आणि गावकीचा एक टीव्ही. त्या सहा राज्यांत कर्नाटक होतं आणि त्यात गुलबर्गा जिल्हा होता. महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आमच्या शिवेच्या पलीकडे थेट उपग्रहावरून कन्नड कार्यक्रम दिसत होते आणि अलीकडे आजोबा बॅटरीचे सेल उन्हात वाळवत होते. पण जिल्ह्यात टीव्ही आला म्हणजे आईच्या घरी आला असं नाही. तिने पहिल्यांदा टीव्ही पाहिला तो १९८७ मध्ये, 'रामायण' लागलं तेव्हा, दुसऱ्याच्या खिडकीतून.

१९७५ च्याच डिसेंबरमध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. साडेतीन किलोहून जड, ०.०१ मेगापिक्सेल, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. आमच्या आईचा लहानपणीचा एकही फोटो नाही. तिचा पहिला फोटो दहावीच्या फॉर्मचा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्यात ती रागावल्यासारखी दिसते. डिजिटल कॅमेरा आमच्या घरात आला २०१० मध्ये, बाबांच्या मोबाइलमधून. पस्तीस वर्षं. आईने लहानपणी कुठले केस कापले होते, दात कुठला पडला होता, हे त्या पस्तीस वर्षांत कुठेतरी राहून गेलं.

दादा १९९३ चा. त्या वर्षी ३० एप्रिलला सर्न या संस्थेने वर्ल्ड वाइड वेब सगळ्या जगाला मोफत खुलं केलं. २० सप्टेंबरला आपल्या पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं. आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. सिव्हिलवाल्यांना माहीत असेल, तो भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. घात केला तो दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याने. आमचं घरही माळवदाचंच. किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास. मी हिशोब केला, हादरा आमच्या घरी वीस सेकंदांच्या आगेमागे पोचला असणार. काकूला नववा महिना होता. त्यानंतर दादा होईपर्यंत ती पंधरा दिवस अंगणात बाजेवर झोपली, घरात पाऊल टाकायला तयार नव्हती. 'भूकंपातला दादा' हे नाव तेव्हाचं.

भूकंप आमच्या घरी वीस सेकंदांत आला. त्याच वर्षी मोफत झालेलं वेब आलं २०१६ मध्ये, जिओचं सिम घेतल्यावर. तेवीस वर्षांनी.

रात्री एक वाजता हॉस्टेलच्या रूममध्ये हा तक्ता पुरा झाला आणि मी बराच वेळ तो बघत बसले. एका बाजूला सव्वीस, वीस, पस्तीस, तेवीस. दुसऱ्या बाजूला सगळे शून्य. रझाकार, दुष्काळ, भूकंप, यांना आमच्या घरी पोचायला वेळ लागला नाही. त्यांना रस्ता विचारावा लागला नाही. शोधांना मात्र पैसे लागले, वीज लागली, दुकान लागलं, कुणीतरी शिकलेलं माणूस लागलं. म्हणूनच आमच्या घरच्यांनी जन्मसालं शोधांवरून लक्षात ठेवली नाहीत. जे दारात आलं त्यावरूनच ठेवली. त्यात अडाणीपणा कसला? त्यांच्याकडे होतं ते रेकॉर्ड त्यांनी अचूक ठेवलं. नाहीतर मला प्लस-मायनस सहा दिवस कुठून मिळाले असते?

माझं साल २००५. २३ एप्रिलला यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. २६ जुलैला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सोलापूरला वर्षभरात पडतो त्याहून कितीतरी जास्त. यूट्यूब आमच्या घरी त्यामानाने लवकर पोचलं. अंतर कमी होतंय हे खरं. पण माझ्या सालाच्या रकान्यात मी यूट्यूब मोठ्या अक्षरात लिहिलं नाही. मी लिहिली रोजगार हमी.

कारण ती उलट्या दिशेने गेली. १९७२ च्या दुष्काळात, अज्जी खडी फोडत होती त्याच काळात, महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना. मागेल त्याला काम. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीला तो लागू झाला. आणि २००५ मध्ये त्याच धर्तीवर अख्ख्या देशासाठी संसदेने रोजगार हमीचा कायदा केला. दिल्लीला पोचायला तेहतीस वर्षं! म्हणजे शोध फक्त बेल लॅबमध्येच लागतात असं नाही. दुष्काळी कामावरच्या बायकांच्या रांगेतूनही लागतात, आणि त्यांनाही जगात पोचायला तेवढाच वेळ लागतो.

अजून एक शोध मी अज्जीच्या रकान्यात घातलाय. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) अशी पहिली एसटी धावली. महाराष्ट्रात खराखुरा १ जूनचा वाढदिवस असलेली एसटी आणि आमची अज्जी एकाच सालच्या. एसटी चार महिन्यांनी धाकटी. धाकटीने थोरलीकडून तिकीट घेऊ नये असं आपलं माझं मत!

पोस्टरला बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, विषय चांगला आहे पण टेक्निकल कंटेंट कमी आहे. मान्य. ते पोस्टर आता मैंदर्गीत माळवदाच्या घरात भिंतीवर आहे. घरात बहुमताने ठरलं की अज्जीचा वाढदिवस २६ जानेवारी. बाबा आता जुने कागद गोळा करतायत, मामाआजोबांचा दाखला, अजून काही मिळतंय का ते बघतायत. साल दुरुस्त होईल तेव्हा होईल.

मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला एवढंच सांगायचंय. या सुट्टीत घरी गेलात की आजीला नुसतं "तुझं वय किती?" असं विचारू नका. "तू झालीस तेव्हा काय चाललं होतं?" असं विचारा. आणि सांगितलेलं लगेच वहीत उतरवा. जर्नल पूर्ण करतो तसं शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. या सबमिशनला एक्स्टेन्शन मिळत नाही.